पिवळा गहू

“झालं म्हणायचं नाही, बघितलं म्हणायचं.” सगुणा जाबरे हे दिवसातून चारदा तरी म्हणे. नळ बंद केला का, वर्गाला कुलूप लागलं का, चक्कर आलेल्या मुलीच्या घरचं माणूस पोचलं का. कुणी “झालं” म्हटलं की ती पुन्हा जिने चढून स्वतः बघून येई. कोपरीतल्या त्या कॉन्व्हेंट शाळेत एकोणतीस वर्षं ती मुलींची मावशी होती. देवरुखाकडून लग्न होऊन आलेली, नवरा लवकर गेलेला, मुलगा आता कल्याणला. चालणं सावकाश, मान ताठ.

यंदाचं सत्र ईस्टरच्या आधीच्या बुधवारी संपत होतं, आणि त्याच दिवशी तिची नोकरीही. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना वसईच्या. त्यांनी ठरवलं की पाचवी ते नववी, प्रत्येक वर्गाचा एक ट्रे करून त्यात गहू पेरायचा. सरत्या वर्षाचा विचार करून प्रत्येक मुलीने चिठ्ठीवर दोन-तीन ओळी लिहायच्या, चिठ्ठी काडीला लावून गव्हात खोचायची, आणि ईस्टरला ट्रे चॅपेलमध्ये वेदीपुढे ठेवायचे. दाणा मातीत जातो आणि पुन्हा उठतो, एवढं त्यांना मुलींना दाखवायचं होतं. पेरायचं काम सगुणाने मागून घेतलं. आपल्या हातचं शेवटचं काम वेदीपुढे उभं राहावं, असं तिच्या मनात होतं.

पेरणं तिला कुणी शिकवायला नको होतं. घरी नवरात्रात घट तिच्याच हातचा. तिने माती चाळली, गहू भिजवून पेरला, ट्रे जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले आणि वर काठ्या उभारून जाड कापड टाकलं. नऊ दिवस कडेकडेने पाणी शिंपडलं. कापड उचललं नाही. तिच्या माहेरी घटावरचं कापड मधेच उचलत नसत.

बुधवारी सकाळी ट्रे सभागृहात आणले आणि सगळ्यांसमोर कापड निघालं. गहू वीतभर वाढला होता, दाट, सरळ आणि हळदीसारखा पिवळा.

 मग मागे कुणीतरी फिसकन हसलं. आठवीतली उर्वी वाकून बघत म्हणाली, “मावशी, याला कावीळ झालीय.”

“गप गं.”

“पण तुम्ही बघितलं होतं ना?”

सगुणा हातातल्या कापडाची घडी घालू लागली. तिचं वाक्य तिच्यावर कुणी उलटवलं नव्हतं आजवर.

सिस्टरांनी चिठ्ठ्या वाचायला लावल्या. एकीची गणिताची भीती गेली होती. एकीचे बाबा घरात पुन्हा बोलू लागले होते. उर्वीने लिहिलं होतं, ‘मी मैत्रिणीची माफी मागितली. तिने अजून केलेलं नाही माफ. सुट्टीनंतर पुन्हा मागीन.’ काड्या त्या पिवळ्या पात्यांत खोचल्या गेल्या आणि मुली घरी गेल्या.

“कापड कुणी घालायला सांगितलं?” ऑफिसात सिस्टरांनी विचारलं.

“कुणी नाही. आमच्या घटाला घालतात. पिवळं आलं की चांगलं. दसऱ्याला केसात माळतो आम्ही.”

“आमच्याकडे हिरवं लागतं, सगुणाबाई. माजिवड्याच्या नर्सरीतून दोन कुंड्या मागवते मी. आपला शिपाई महेंद्र आणून देईल.”

“शनिवारपर्यंत थांबा. गच्चीत नेते. उजेड लागला की हिरवा होईल.”

“शाळा उद्यापासून बंद. आणि तुम्ही तर आज रिटायर.”

“मी रिटायर झाले. गहू नाही झाला.”

सिस्टर हसल्या. सगुणा हसली नाही. “चुकलं माझं,” ती म्हणाली, इतकं हळू की सिस्टरांना ते ओठांवरून कळलं. त्यांनी गच्चीची किल्ली तिच्यापुढे सरकवली.

संध्याकाळी मुलाचा, विनीतचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तो तिला गावी नेणार होता.

“आई, गव्हासाठी थांबतेयस तू?”

“हो.”

“लोक हसतील.”

“हसून झालंय त्यांचं. तू आपली एसटी पकड. मी सोमवारी येते.”

गुरुवारी तिने ट्रे पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडले. वर जुनी साडी बांधली, म्हणजे अंधारातली पाती एकदम उन्हात पडायची नाहीत. सावली सरकली की ती ट्रे सरकवी. शुक्रवारी सकाळी तिने साडी तासभर काढली. दुपारी खाली चॅपेलमध्ये गुड फ्रायडेची प्रार्थना चालू झाली. त्या दिवशी तिथे घंटा वाजवत नाहीत, लाकडाची फळी ठोकतात. तो ठक ठक आवाज ऐकत ती भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा साडी सरकून टोकाच्या ट्रेवर ऊन आलं होतं आणि त्यातली पाती आडवी झाली होती. तिने त्यातल्या चिठ्ठ्या एकेक काढून पदरात घेतल्या. बाकीच्या चार ट्रेंत बुडापासून हिरवं चढत होतं.

शनिवारी दुपारी तिने ते चार ट्रे एकेक करून खाली आणले आणि वेदीपुढे ठेवले. सिस्टर फुलं लावत होत्या. हातातलं काम ठेवून त्या जवळ आल्या आणि त्यांनी हिरव्या पात्यांवरून तळवा फिरवला.

“पाचवा?”

“सहावीचा करपला. मला झोप लागली. त्यांच्या चिठ्ठ्या यात खोचल्यात, सगळ्या.”

“रात्री ईस्टरच्या प्रार्थनेला, मिस्साला थांबा ना. मेणबत्त्या लागतील तेव्हा छान दिसेल.”

“नको. घरी कपडे भिजत घातलेत.”

एक ट्रे किंचित वाकडा होता, तो तिने सरळ केला. गच्चीची किल्ली सिस्टरांच्या हातात दिली. दारातल्या चपला पायात सरकवून ती आपल्या नेहमीच्या सावकाश चालीने फाटकाकडे निघाली. ती फाटकातून बाहेर पडून स्टेशनच्या गल्लीत वळेपर्यंत सिस्टर फिलोमिना चॅपेलच्या पायरीवर उभ्या होत्या.