इंटरनेट आलं की हाक मारतो

खोली भाड्यानं घेताना पाणी किती वाजता येतं ते विचारावं, संडास सामायिक हाय का ते बघावं, एवढं आईनं शिकवलं होतं. इंटरनेटचं कसं विचारायचं ते शिकवणारं आमच्या कुंभार पिंपळगावात कोणी नव्हतं. म्हणून मी जालन्यात फसले, अन् त्याचा राग मला अजून येतो.

मी तिथं शाळेत शिकवायला होते. धाकटी बहीण माझ्याजवळ राहायची, शिवणकाम करायची. तिला जन्मापासून ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. औरंगाबादला मूकबधिरांच्या शाळेत तिच्यासोबत शिकलेला एकजण आता नाशिकला छापखान्यात कामाला होता. मोबाइल तेव्हा मोठ्या व्यापाऱ्यांच्याच खिशात. हे दोघं आपापल्या गावच्या सायबर कॅफेत जाऊन चॅटवर लिहून बोलायचे.

तिला त्या चॅटचं एवढं काय होतं, ते सांगते. जन्मभर तिच्या वतीनं दुसरेच बोलत आले. डॉक्टरनं विचारलं कुठं दुखतं, तर बाप सांगणार. दुकानदारानं विचारलं कोणता रंग, तर मी सांगणार. ती धडधडीत समोर उभी असायची अन् लोक माझ्याकडं बघून विचारायचे, ‘हिला काय पाहिजे?’ चॅटवर मधे कोणी नव्हतं. ती लिहील तेच तिचं बोलणं. त्या माणसाशी लग्न करायचं का न्हाई, हे ती तिथंच, स्वतःचं स्वतः ठरवून राह्यली होती.

पण कॅफेत पडद्याआड बसायचं, अन् बाहेर पोरांचे टोमणे. तिला ते ऐकू येत नव्हते, मला येत होते. म्हणून मी इंटरनेट असलेलं घर शोधायला लागले.

घरमालक सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची.

‘काका, घरात इंटरनेट हाय का?’

‘हाय की. पोरानं पुण्याहून कम्प्युटर आणून बसवलाय.’

‘आम्हाला वापरता येईल?’

‘बराबर येईल, बाई. आपलंच घर समजा.’

मी हो म्हणून मोकळी झाले. सामान वर चढवलं, अन् बघते तर वरच्या खोलीत फोनची वायरच न्हाई. वायर न्हाई तर इंटरनेट कुठून येणार? खाली जाऊन विचारलं. काका अगदी शांतपणे म्हणाले, ‘चिंता कशाला करता? इंटरनेट आलं की हाक मारतो.’

मला आधी कळलंच न्हाई. मंग डोक्यात उजेड पडला. त्या काळी ज्याच्या घरी फोन न्हाई तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, अन् नंबरापुढं पी.पी. लिहायचा. अर्ध्या गल्लीचा पी.पी. नंबर काकांचा. फोन आला की ते ओट्यावर येऊन हाक मारायचे. माणूस घरी नसला तर निरोप घ्यायचे, अन् अंगात आलं तर त्याच्या वतीनं उत्तरही देऊन टाकायचे. त्याचा त्यांना केवढा अभिमान. इंटरनेटचंही तसंच असतं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी सांगितलं, काका, ते वाजत न्हाई, ते आपणच जोडावं लागतं. ते नुसते हसले.

बरं म्हटलं, मी माझ्या नावानं फोन घेते, तुम्ही लेखी संमती द्या. तर चेहराच बदलला. ‘फोनचं बिल तुमच्या नावानं या पत्त्यावर यायला लागलं की उद्या खोली तुमची.’ मंग म्हटलं, तुमच्याच फोनची वायर वर ओढू द्या, खर्चा माझा. स्वैपाकघरात काकूंसाठी वायर ओढून दुसरा फोन ठेवलेला मला दिसत होता. तर म्हणे, ‘बाईमाणसाच्या खोलीत वायर कशाला? खाली येऊन बसा की. आपलंच घर हाय.’

आपलंच घर, अन् भिंतीत एक खिळा ठोकायची चोरी. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण शाळा चालू झाली होती, दुसरी खोली शोधायला सवड नव्हती. अडला हरी, मी पाय धरले.

मंग दर रविवारी दुपारी बहीण खाली त्यांच्या बैठकीत जाऊन बसायची. कम्प्युटरवरचं विणलेलं झाकण घडी करून ठेवायची, लाईन जोडायची. काकू आत फोन उचलायच्या अन् लाईन तुटायची. ती पुन्हा जोडायची. काका पाठीमागं खाटेवर, चष्मा लावून, मान लांब करून. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी एकदा तोंडावर सांगितलं, काका, तिचं वाचू नका. तर म्हणे, ‘माझ्याच घरात डोळे मिटून बसू का?’

एका रविवारी बहीण धावत वर आली. डोळे भरलेले, चेहरा हसरा. तिनं खुणेनं सांगितलं, त्यानं लग्नाचं विचारलं. हो म्हणणार हाय. पण लगेच न्हाई, आधी चहा पिते. मी चहा टाकला. तिनं कप दोन्ही हातात धरला अन् फुंकर घालत, सावकाश प्याली. उत्तर आपल्या हातात हाय, याचं तिला सुख वाटत होतं.

ती खाली गेली, मागून मी गेले. तेवढ्यात उत्तर देऊन झालं होतं. काकांनी एका बोटानं टाइप केलं होतं: पोरगी जागेवर नाही. मी घरमालक. तिच्या मोठ्या बहिणीचं अजून व्हायचं आहे. वडीलधाऱ्यांशी बोला. पोरीला यातलं काही कळत नाही. खाली नाशिकहून आलेली एकच ओळ, माफ करा. अन् तो निघून गेल्ता.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कोणी सांगितलं होतं तुम्हाला?’

‘त्यात काय झालं, बाई? समोरचा विचारून राह्यला, मी निरोप घेतला. तिला बोलता येत न्हाई, कोणीतरी बोलायलाच पाहिजे ना.’

चोर तो चोर, वर शिरजोर. मी काय काय बोलले ते सगळं आठवत न्हाई, पण काकू बाहेर येऊन दाराला धरून उभ्या राहिल्या एवढं आठवतं. मंग मी खुर्ची ओढली अन् तो परत येईल तेव्हा वाचंल म्हणून त्या माणसाला लिहायला घेतलं: मी तिची मोठी बहीण.

बहिणीनं माझा हात धरून बाजूला केला. हळू न्हाई, चांगला हिसका देऊन. ऊठ, खुणेनं म्हणाली. मंग काकांकडं बघून दाराकडं बोट केलं.

‘काय म्हणून राह्यली ही?’ काकांनी मला विचारलं.

‘बाहेर जा म्हणून राह्यली.’

स्वतःच्या बैठकीतून काका उठले. तिनं काकूंकडं बोट केलं. मंग माझ्याकडं. आम्ही तिघं ओट्यावर आलो अन् आतून कडी लागली. लाईन पुन्हा जोडतानाचा तो किरकिराट बंद दारातून बाहेर येत होता.

थोड्या वेळानं काका म्हणाले, ‘काय लिहून राह्यली असंल हो?’

‘मला काय माहीत? बाहेर आली की तिला विचारा.’

‘तिला कसं विचारू?’

खोटं बोलत नव्हते ते. इतके महिने ती त्यांच्या डोक्यावर राहत होती, अन् कसं विचारायचं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘हातानं विचारा, कागदावर विचारा. तिच्याकडं बघून विचारा म्हणजे झालं.’

ती बाहेर आली तेव्हा काका माझ्याकडं बघत होते. ती त्यांच्या शेजारून वर निघून गेली.

महिना भरला तशी आम्ही खोली सोडली. लग्न दिवाळीनंतर नाशिकला झालं. पत्रिका वाटताना माझ्या मनात आलं, काहीही असो, त्यांच्या घरात राह्यलो, काकांना द्यायला पाहिजे. पाकिटावर नावही मी लिहून ठेवलं होतं. तरी तिला विचारलं.

तिनं मान हलवली. न्हाई.

मंग न्हाई.