चौथ्या रांगेतल्या दोन शिळा

दुलईचा अभ्रा अर्धाच चढला होता. दोन कोपरे सूनबाईंच्या हातात, दोन त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे टाकीवाल्यांच्या. एकाने "झटका" म्हणायचं आणि दोघांनी मिळून झटकायचं, की आतली दुलई आपोआप सरळ बसते, ही त्या घरातली पद्धत. पण सूनबाई झटका म्हणायच्या ऐवजी म्हणाल्या, "बाबा, रविवारी आपण दोघं सहलीला जातोय. तिकिटं काढून झाली."

"कुठं?"

"तुमच्या शिळा बघायला."

टाकीवाल्यांच्या हातातले दोन्ही कोपरे सुटले. दुलई खाली, अभ्रा सूनबाईंच्या डोक्यावर.

"अहो बाबा! आनंद झाला तर तोंडाने सांगा की!" अभ्र्याच्या आतून आवाज आला.

आनंद नव्हता तो. पण ते त्या बिचारीला कसं कळावं?

टाकीवाले म्हणजे पाण्याच्या टाकीवाले नव्हेत. नवीन भाडेकरू अजून फसतात, नळ गळायला लागला की यांचं दार वाजवतात. ही टाकी म्हणजे दगडावर अक्षर कोरायची पोलादी छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ती. अडतीस वर्षांपूर्वी लढाई झाली, त्यात गेलेल्या जवानांसाठी डोंगराच्या पायथ्याशी मोठं स्मारक उभारलं गेलं आणि प्रत्येकाच्या नावाची एकेक शिळा घडवायचं काम यांच्या कारखान्याला मिळालं. टाकीवाल्यांनी एकट्याने सहाशेच्या वर शिळा कोरल्या. नाव, पलटण, वय, आणि सगळ्यांत खाली घरच्यांनी कळवलेली एक ओळ. वीस अक्षरांच्या आत.

शिळा कोरताना आडवी असते. कारागीर तिच्यावर वाकून काम करतो, ती पुसतो, धुतो, गवतात गुंडाळून ट्रकवर चढवतो. ती उभी राहिलेली त्याला दिसत नाही. सूनबाईंना तेवढंच खटकायचं. जन्मभर ज्याने एवढं काम केलं, त्याने ते एकदाही उभं पाहिलेलं नाही! सकाळी देवाला फूल वाहताना त्या म्हणायच्या, एकदा यांना तिथं नेऊन आणायचं बळ दे. शेवटी देवाची वाट बघण्यापेक्षा त्यांनी स्वतःच आठ जणांच्या सहलीत दोन जागा धरल्या.

टाकीवाल्यांनी गुडघा दुखतो म्हणून पाहिलं, मग हवा बरी नाही म्हणून पाहिलं. सूनबाईंपुढे डाळ शिजेना. शनिवारी सगळे झोपल्यावर त्यांनी कपाटाच्या तळाचा कागद उचलला, त्याखालचं जुनं पाकीट काढलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं.

गाडी छोटी होती. पुढे ड्रायव्हर, शेजारी गाइडबाई. या बाई पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी हजेरी घ्यायची सवय सुटली नव्हती. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायच्या. मागच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. पोस्टमास्तरांना सगळं आधीच माहीत असायचं आणि त्यांच्या बायकोला ते ऐकून ऐकून पाठ झालेलं.

आधी टेकडीवरचे खंदक. आता त्यात गुडघाभर गवत. गाइडबाईंनी सगळ्यांना आत उतरवलं आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं बोलायचं नाही. फक्त वर बघा. त्यांना एवढंच आकाश दिसत होतं."

पोस्टमास्तर दीड मिनिट टिकले. "इथली माती चिकण आहे. पावसाळ्यात काय हाल झाले असतील!"

"तुम्हाला गप्प बसायला सांगितलं असतं तर लढाई आपण पहिल्याच दिवशी हरलो असतो," त्यांची बायको म्हणाली. सगळे हसले. टाकीवाले हसले नाहीत. सूनबाईंनी त्यांना हात देऊन वर घेतलं.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. चला तुम्ही."

मग एक पूल, त्याच्या कठड्यावर गोळ्यांच्या खुणा. पोरंसोरं त्यात बोटं घालत होती. टाकीवाल्यांनी एका खुणेवरून हात फिरवला आणि सवयीने म्हणाले, "दगड चांगला आहे. तडा नाही गेला." तेवढाच दिवसभरातला त्यांचा एक सुटा श्वास.

दुपारी स्मारक आलं. फाटकातून आत गेल्यावर शिळाच शिळा, ओळीने उभ्या, मधे कातरलेलं गवत. टाकीवाले जागीच थांबले. हे सगळं आपण केलं? आडव्या दगडावर जे अक्षर नुसतं अक्षर असतं, ते उभं राहिल्यावर माणसासारखं समोर बघतं, हे त्यांना आज कळलं. सूनबाईंचे डोळे भरून आले. "बाबा, किती सुबक हो!" त्या म्हणाल्या. टाकीवाल्यांनी मान खाली घातली.

गाइडबाईंनी सगळ्यांना थेट चौथ्या रांगेत नेलं. "आता मी तुम्हाला माझी सगळ्यांत आवडती शिळा दाखवते. नाव, वय बावीस, आणि खाली बघा काय लिहिलंय."

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं, "जेवण झाकून ठेवलंय, सावकाश ये."

मग चष्मा काढून परत पुसला. 

"बाकीच्यांनी शौर्य लिहिलं, त्याग लिहिला," गाइडबाई म्हणाल्या, "या आईने एवढंच लिहिलं. मी नेहमी विचार करते, कशी असेल ती माऊली! लोक इथे येऊन रडतात. काही जण..."

"त्याला आई नव्हती."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. टाकीवाले शिळेकडे बघत होते.

"काय म्हणालात?"

"हा मुलगा अनाथालयात वाढलेला. त्याच्या कागदावर जवळचे नातेवाईक या रकान्यात 'कोणी नाही' असं होतं. ही ओळ त्याची नाही." त्यांनी हात लांब करून त्याच रांगेत पुढे बोट दाखवलं. "त्याच्यापासून चौथी शिळा. तिची आहे."

त्या शिळेवर नाव होतं, पलटण होती, वय होतं. खाली कोरा दगड.

"बाबा, तुम्हाला काय माहीत?" सूनबाईंनी विचारलं.

"मीच कोरली ना."

मग सहल तिथेच थांबली. टाकीवाले जवळच्या पायरीवर बसले आणि सांगत गेले. त्या दिवशी दोन शिळा त्यांच्या वाट्याला होत्या. प्रत्येक शिळेसोबत कार्यालयाचा कागद यायचा, आणि घरच्यांनी ओळ पाठवली असेल तर त्यांची चिठ्ठी त्या कागदाला टाचणीने लावलेली. शिळा धुवून घ्यायची असल्याने बाकड्यावर सदा पाणी. एका कागदाची चिठ्ठी टाचणीतून सुटली आणि दुसऱ्या ओल्या कागदाच्या पाठीला चिकटली. त्यांनी कागद उलटला, चिठ्ठी दिसली, ओळ आखली, कोरली. दुसऱ्या शिळेला ओळ नव्हती म्हणून खाली जागा सोडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडलोट करताना हातात त्या दुसऱ्या शिळेचा कागद आला. टाचणी जागेवर, आणि टाचणीत चिठ्ठीचा फाटका कोपरा.

"ट्रक दुपारीच गेला होता," ते म्हणाले. "आदल्या आठवड्यात शिळेचा कोपरा उडाला म्हणून मुकादमाने एकाला घरी बसवलं होतं. माझी बायको बाळंतीण. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या चौतीस वर्षं चालला." त्यांनी पाकीट काढलं. "आणि त्याहून वाईट केलं. चिठ्ठी आणि कागद दोन्ही घरी नेऊन लपवले."

गाइडबाई मटकन शेजारी बसल्या. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे ती खरं बोलत होती."

"कोण?"

"त्या कोऱ्या शिळेची बहीण. दर वर्षी येते. दर वर्षी कार्यालयात विचारते, आमच्या आईची ओळ कुठं गेली? आईने सांगितली आणि मी माझ्या हाताने लिहून पाठवली, म्हणते. कार्यालय दर वेळी कळवतं, अशी कुठली चिठ्ठी दप्तरी नाही. मीसुद्धा म्हटलं, बाईंचा घोटाळा होत असेल." त्या थांबल्या. "त्यांची आई गेली तेव्हा म्हणत होती म्हणे, माझे शब्द फार साधे होते ना, म्हणून नसतील घेतले."

हे ऐकून टाकीवाल्यांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. देवाच्या काठीला आवाज नसतो, पण ती लागते. चौतीस वर्षं ते समजत होते की एका दगडावर एक ओळ कमी आहे, एवढंच. घरी एक आई आपल्या शब्दांची लाज वाटून गेली, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

पोस्टमास्तरांना आता दम निघेना. "चिठ्ठी दाखवा जरा. चाळीस वर्षं मी पत्त्यांची अक्षरं ओळखत आलोय." त्यांनी चिठ्ठी आणि टाचणीतला कोपरा एकमेकांना लावून पाहिले. फाटलेली कड कडेला तंतोतंत बसली. "पक्का पुरावा आहे हा. उठा. इथल्या व्यवस्थापकाला दाखवा. बसून काय होणार?"

"पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात," त्यांची बायको म्हणाली आणि तिनेच टाकीवाल्यांना दंडाला धरून उठवलं.

व्यवस्थापक फाटकाशेजारच्या खोलीत कुंड्यांना पाणी घालत होता. तरुण माणूस. त्याने कागद दोनदा वाचले, कोपरा लावून पाहिला, आणि पहिलं वाक्य बोलला ते रागाचं नव्हतं. "ओळ कोरता येईल. पण घरच्या माणसाची सही लागेल, मग मंजुरी. खरी अडचण वेगळीच आहे. आता सगळं मशीनवर होतं, त्यासाठी शिळा उपटून न्यावी लागेल. उभ्या शिळेवर हाताने कोरणारं कोणी उरलं नाही."

"मी कोरतो," टाकीवाले म्हणाले.

"तुमचं वय?"

"अडुसष्ट."

"हात चालतो?"

"डोळ्यांना चष्मा आहे. हात अजून माझेच आहेत."

सूनबाई मधेच बोलल्या, "आणि त्या दुसऱ्या मुलाची ओळ? ती खरवडून काढणार?"

"तिच्यावरही आधी हक्क ओळ पाठवणाऱ्या घराचा," व्यवस्थापक म्हणाला. "ते सांगतील तसं."

"खरवडू नये बाई," पोस्टमास्तरांची बायको म्हणाली. "ज्याला कोणी नाही, त्याच्याच समोरून ताट ओढायचं का?"

गाइडबाईंनी वहीतून नंबर शोधून त्या बहिणीला फोन लावला. थोडक्यात सांगितलं आणि फोन टाकीवाल्यांच्या हातात दिला.  ते म्हणाले, "ताई, चूक माझी. लपवली पण मीच. तुमची चिठ्ठी माझ्याकडे आहे."

 पलीकडून आवाज आला, "निळ्या शाईची?"

"हो. खाली एक डाग आहे."

"तो डाग आईचा. हात पुसायच्या आधी तिने कागद बघायला घेतला होता." मग म्हणाली, "उद्या या. अकराच्या आत या, नंतर मला दवाखान्यात जायचंय. चिठ्ठी आणा." आणि फोन बंद झाला.

रागावली होती का? माफ केलं का? त्या आवाजात दोन्ही असेल. टाकीवाल्यांना एवढंच कळलं की तिने 'या' म्हटलं.

परतीच्या गाडीत सूनबाई अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "सासूबाईंना तरी सांगितलं होतंत?"

"नाही."

"धन्य आहे तुमची! बायकोला नाही, मुलाला नाही, आणि सांगितलंत कुणासमोर, तर त्या पोस्टमास्तरासमोर! आता उद्या सकाळपर्यंत पाच गावांत होईल."

"होऊ दे," टाकीवाले म्हणाले. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, की खरोखरच होऊ दे असं वाटत होतं.

"मी येते उद्या बरोबर."

"नको पोरी. तोंड मी लपवलं, दाखवायलाही मीच जातो. तू मला इथं आणलंस, तेवढं पुरे झालं."

 सूनबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते घटाघटा पाणी प्यायले. मागे पोस्टमास्तर बायकोला समजावत होते की उभ्या दगडावर कोरताना टाकी अगदी सरळ धरावी लागते. टाकीवाल्यांनी मागे वळून, "सरळ नाही, तिरकीच धरायची," असं सांगितलं, तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "तेच म्हणतोय मी!" आणि टाकीवाले हसले.

गाडीतून उतरल्यावर गाइडबाईंनी शेवटचं एकदा डोकी मोजली, आणि एक चिठोरं टाकीवाल्यांच्या खिशात कोंबलं. त्यावर त्या बहिणीचा पत्ता होता. खुणेला औषधाचं दुकान, दुसरा मजला, डावीकडचं दार.

सकाळी सातची बस धरून तिच्याकडे सही आणायला जायचं.