‘लघवी तपासलीत का?’ असे विचारणाऱ्या मॅडम

डॉ. वसुधा मोहिते यांची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायचे तर खरे तेच लिहायला हवे.

अकरा वर्षांपूर्वी मी राजापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालो होतो. सुप्रिया नावाची एक आई आपल्या सहा महिन्यांच्या आर्याला घेऊन आली. ताप होता, सर्दी नाही, खोकला नाही. दात येत असतील, असे म्हणून मी तापाचे औषध दिले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

“ताप उतरतो नि परत चढतो, डॉक्टर. दूध पीत नाय. लघवी करताना रडते.”

तिचे शेवटचे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. मूल मलूल दिसत होते, म्हणून त्याला बालरोगतज्ज्ञ असलेल्या मॅडमच्या रत्नागिरीतल्या दवाखान्यात पाठवायचे ठरवले. मन स्वस्थ बसू देईना, तेव्हा मीही गाडीत बसलो.

मॅडमनी माझी चिठ्ठी वाचली, आर्याला नीट तपासले आणि विचारले, “लघवी तपासलीत का?”

“नाही, मॅडम.”

त्यांनी लगेच बाळाला स्वच्छ धुऊन सुप्रियाच्या मांडीवर घ्यायला सांगितले आणि निर्जंतुक बाटली हातात धरून स्वतः समोर फरशीवर बसल्या. बेंबीखाली गार पाण्याचा बोळा हलकेच फिरवत राहिल्या. पहिली धार त्यांच्या साडीवर गेली. “चला, आता दूध पाजा, परत बसू,” एवढेच म्हणाल्या. बाहेर रुग्णांची रांग होती. दुसऱ्या खेपेला नमुना मिळाला.

लघवीत पू होता. जंतू कोणता, हे कळायला दोन दिवस लागणार होते. पण नमुना हाती येताच मॅडमनी इंजेक्शन सुरू केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड किंचित सुजलेले दिसले. आणखी उशीर झाला असता तर त्याला कायमची इजा होऊ शकली असती.

मी बाळाला बघायला पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी मला आत बोलावले. “ताप कशाचा ते सापडत नसेल, तर एवढ्या लहान बाळाची लघवी बघायचीच. त्याला सांगता येत नाही, पण आई सांगत असते.”

मी म्हणालो, “माझी चूक सुप्रियाला कळली तर ती आमच्या केंद्रात पुन्हा पाऊल टाकणार नाही.”

“म्हणूनच तुम्ही स्वतः सांगा. मी येते बरोबर.”

मी सांगितले. मॅडम शेजारी उभ्या होत्या. सुप्रियाने मुलीचे दुपटे सारखे केले. मग म्हणाली, “मी सांगितलेलं होतं तुम्हाला.” आणि मुलीला खांद्यावर घेत, “आता दुसऱ्या कोणाच्या पोरीचं असं करू नका.”

तिचे यजमान मुंबईला कामाला होते. तिला एकटीला धावाधाव पडू नये म्हणून आर्याच्या पुढच्या तपासण्यांच्या तारखा मॅडम स्वतः फोन करून कळवत. वर्षभराने मूत्रपिंड पूर्ववत झाले.

त्यानंतर मी बोलावले की मॅडम आमच्या केंद्रावर येत आणि आशाताईंना बाहुली घेऊन बाळाचा नमुना कसा धरायचा ते दाखवत. त्या शिकवणीमुळे किती मुले वेळेवर बरी झाली, हे मी मोजलेले नाही. आर्या मात्र आता सहावीत आहे. तिच्या धाकट्या भावाला ताप आला, तेव्हा सुप्रिया त्याला घेऊन आमच्याच केंद्रात आली होती.

मॅडम, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे दुखतात, आता खाली बसवत नाही, असे परवा म्हणालात. आपण खुर्चीवर बसा. खाली बसायला आपण शिकवलेले आम्ही पुष्कळ जण आहोत.