चौक भिंतीला चिकटला आणि मी बोहल्यावर

आमची शाळा बदलापूर गावाच्या टोकाला. वरच्या ठाकरवाडीतली पोरं शाळेत येतात, पण त्यांच्या आया फाटकाबाहेरच्या जांभळाखाली बसून राहतात. आत या म्हटलं की पदर तोंडाला लावून हसतात. मुख्याध्यापिका बाई आम्हा शिक्षकांना म्हणाल्या, “आया आत आल्या तरच पोरं टिकतील. काहीतरी करा.” मी लगेच हात वर केला. ही माझी जुनी खोड आहे.

वर्गात वाडीचं घर वाटेल असा एक कोपरा करायचा, असं ठरवलं. वाडीत जाऊन विचारावं हे डोक्यात आलं नाही. मी थेट उल्हासनगरला एका सिंध्याचं स्टिकरचं दुकान गाठलं. दुकानदाराने भिंतभर मावेल एवढं स्टिकर उलगडलं. पांढऱ्या रेषांचा चौकोन, मधे देवी, बाजूला घोड्यावरचा नवरदेव. “साईं, एकदम ट्रायबल आयटम! बडे-बडे हॉटेल में लगता है. गम ऐसा, जिंदगीभर नहीं निकलेगा.” मी खूश. रविवारीच ते वर्गाच्या भिंतीवर चिकटवून टाकलं.

सोमवारी बराच आग्रह केल्यावर आया दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या आणि तिथेच थबकल्या. मला वाटलं, भारावल्या. मी घसा साफ करून म्हणालो, “ही तुमची संस्कृती आहे.”

एक म्हातारी म्हणाली, “ती म्हाईत हाय. लगीन कोनाचं?”

“कुणाचंच नाही. नुसतं चित्र आहे.”

“लग्नाचा चौक हाय ह्यो. लगीन असल्याबिगर कोन लिवतं? नवरा नाय, नवरी नाय, आन् पोरं पुढ्यात बसवलीत?” तिने नातवाचं दप्तर उचललं. बाकीच्यांनीही उचलली. बघता बघता निम्मा वर्ग वाडीची चढण चढू लागला. आयांना आत आणायला निघालेल्या माणसाने पोरंच बाहेर काढली!

मी स्टिकर ओढायला धावलो. घोड्याचं शेपूट निघालं, मागोमाग प्लास्टर निघालं. देवी जागची हलली नाही. दुकानदार आयुष्यात एकदाच खरं बोलला होता.

बाई कपाळाला हात लावून उभ्या. मी चढणीवर म्हातारीला गाठलं. “मावशी, आता काय करू?”

“लगीन लावा.”

“कुणाचं?”

“चौक कोनी आनला? त्योच नवरा.”

“अहो, माझं झालंय!”

“मंग तिलाच बोलवा. दुसरी कोन देतंय तुमाला?”

बायकोला फोन लावला. ती अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. आमचं पहिलं लग्न तिच्या माहेरी, बुवापाड्याच्या बुद्धविहारात अर्ध्या तासात आटोपलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, “परत तुमच्याशीच?” आणि फोन ठेवता ठेवता, “विचार करून सांगते.”

दुपारी ती शाळेपुढे रिक्षातून उतरली. लगीन बघायला वाडीतल्या बायका पोरांसकट फाटकाशी जमल्या होत्या. म्हातारीने विचारलं, “पोरी, पसंत हाय का?” ही म्हणाली, “दुसरं स्थळ नाही का वाडीत?” बायका इतक्या हसल्या की हसता हसता उंबरठा ओलांडून आत कधी आल्या, त्यांनाही कळलं नाही. मला छोट्या बाकावर बसवलं. म्हातारीने तांदळाच्या पिठाने घोड्याचं शेपूट पुन्हा काढलं. “छापील हाय, चालवून घेऊ,” म्हणाली. गाणी सुरू झाली. सगळी माझ्या टकलावर होती, हे पोरांच्या हसण्यावरून कळलं. केंद्रप्रमुख नेमके त्याच वेळी पाहणीला आले आणि त्यांच्यावरही अक्षता पडल्या.

लग्नात हिच्या बाजूने सगळी वाडी उभी राहिली होती, म्हणून ही वाडीची लेक ठरली आणि मी जावई. जावयाकडे यायला कसली लाज? आया आता थेट वर्गात येतात, मागच्या बाकांवर बसतात. पोरंही सगळी परत आली. मी जरा टेकलो की मागून आवाज येतो, “जावईबापू, पाढे कवा घेनार?”

फक्त एक झालंय. घरी भांडण झालं की बायको माहेरी जाते, ती बुवापाड्याला नाही, वर वाडीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो की मागची सगळी बाकं माझ्याकडे बघत असतात.