लसणाचे ट्रफल

माझा मामा घड्याळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं एकाच खुर्चीत, डोळ्याला भिंग लावून बसला. लग्न केलं नाही. का, असं आईला विचारलं की ती म्हणायची, "घड्याळवाल्याला वेळ कुठे होता?" आणि स्वतःच हसायची. आमच्या घरातला हा ठरलेला विनोद. मामा त्यावर एकदाही हसला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले, तसं दुकान बंद झालं. मामा चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन बसला. सोबत आणले ते चिमटे, एक नाजूक तराजू आणि सुटे भाग ठेवायच्या ॲल्युमिनियमच्या गोल डब्या. दुकानात दिवसाला वीस माणसं तरी यायची. काचेवर कोपर टेकून "किती दिवस लागतील हो?" विचारायची आणि जाता जाता सुनेच्या चार चुगल्या करायची. घरी कोण येणार? दुधाची पिशवी दाराबाहेर, पेपर फटीतून आत. मामाला फार काही नको होतं. दिवसातून एकदा बेल वाजावी आणि दारात माणूस उभा असावा, एवढंच.

मग कुठल्याशा मासिकात वाचून तो चॉकलेटचे ट्रफल करायला लागला. साय गरम करायची, बारीक चिरलेल्या कडू चॉकलेटवर ओतायची, हलक्या हाताने ढवळायचं, गार झालं की गोळे वळायचे आणि कोकोच्या भुकटीत घोळायचे. हात गरम असले तर चॉकलेट तळव्यालाच चिकटतं. म्हणून मामा आधी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसायचा, पुसायचा आणि मगच वळायला घ्यायचा. प्रत्येक गोळा तराजूवर. गुंजभर जास्त झाला तरी चिमट्याने कोरून काढायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

एका डबीत सहा गोळे. उकळून, घासून लख्ख केलेल्या त्या डब्या तो इमारतीत घरोघरी द्यायचा आणि न चुकता सांगायचा, "डबी तेवढी परत आणून द्या हं, मोजक्याच आहेत." खरी मेख तिथेच होती. माळ्यावर अजून दोन खोकी भरून डब्या पडल्या होत्या.

सुरुवातीला लोक आले. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई दारात दहा मिनिटं उभ्या राहून आपल्या वॉर्डातल्या तऱ्हा सांगून गेल्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, माझी गिऱ्हाइकं वाढवताय तुम्ही." मामाने ते वाक्य मला फोनवर तीनदा ऐकवलं. मग हळूहळू लोकांना सोपी वाट सापडली. धुतलेली डबी पिशवीत घालायची, पिशवी मामाच्या दाराच्या कडीला अडकवायची, आत एक चिठ्ठी टाकायची: 'छान!' बेल वाजवून म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवा, असा सगळ्यांचा समजूतदारपणा. त्या समजूतदारपणाची मला आज चीड येते, पण मी कुठल्या तोंडाने बोलू?

पुढच्या खेपेला मामाने मिरपूड घातली, चांगली ठसका लागेल इतकी. चिठ्ठ्या आल्या: 'छान!', 'नेहमीप्रमाणे मस्त!' त्यावर मामा दोन दिवस विचार करत बसला आणि त्याने लसूण आणला.

हे त्याने मला नंतर सांगितलं. लसणाचे अख्खे गड्डे ओव्हनमध्ये मऊ होईपर्यंत भाजले, पाकळ्या पिळून काढल्या, लगदा चहाच्या गाळणीतून घासून सायीत मिसळला. वरून मीठ. कोकोत घोळल्यावर दिसायला नेहमीसारखेच. त्याचा हिशोब सरळ होता. गोड म्हणून कुणी येत नाही ना, मग भांडायला तरी येतील. एक घास घेतला की माणूस तडक जिना चढून येणार आणि विचारणार, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" मामाने चौदा डब्या वाटल्या. त्यातली एक माझ्याकडे पाठवली. मग घरात बसून राहिला. भाजी आणायलासुद्धा बाहेर पडला नाही, मधेच कुणी यायचं म्हणून.

आठवडाभरात तेरा पिशव्या कडीला लागल्या. छान. मस्त. सुंदर.

आठव्या दिवशी त्याने मला फोन केला. मी ऑफिसात होते, हातात दहा कामं.

"डबी मिळाली ना गं?"

"अरे हो, कधीच! सांगायचंच राहिलं."

"कसे झालेत?"

"अप्रतिम, मामा! या वेळी व्हॅनिला जास्त घातलास ना?"

तो म्हणाला, "हो. व्हॅनिलाच."

माझी डबी ऑफिसच्या खणात तशीच पडली होती. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. दुपारी चहाबरोबर एक गोळा तोंडात टाकला आणि धावत बेसिन गाठलं. आधी मामाचाच राग आला. म्हटलं, म्हातारा चळला. मग मी फोनवर काय बोलले ते आठवलं. अर्धी सुट्टी टाकून मी निघाले.

मामाने दार उघडलं. माझ्या मागे जिन्यात अजून कुणी आहे का, ते पाहिलं.

"लसूण?" मी ओरडलेच. "चॉकलेटमध्ये लसूण घालतात?"

त्याचा चेहरा असा उजळला, की मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. "भांडायला आलीस?" तो म्हणाला. "मग दारात काय उभी? आत ये, बस. सावकाश भांड."

मग त्याने सगळं सांगितलं. मी खोटं बोलले हे त्याला माहीत होतंच. त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. भिंगाच्या पेटीतून कागद-पेन्सिल काढली आणि समोर बसला. मी भांडले. लसूण उग्र आहे म्हटलं, मीठ जास्त आहे म्हटलं, कोको कपड्यांवर सांडतो म्हटलं, गोळे फार मोठे आहेत म्हटलं. तो एकेक तक्रार लिहून घेत होता.

"अजून?" त्याने विचारलं.

मी आठवून आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तो पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत होता.