जोडगोळी

त्या पुड्या मीच बांधल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर सारवासारव वाटेल.

आई पातूरला एकटी राहते, मी अमरावतीत शिकवते. दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जाते. तिचे गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. ॲसिडिटीची सकाळी उपाशीपोटी, मग अर्ध्या तासानं खाणं, आणि दुखण्याची पोटभर खाल्ल्यावरच. दहा दिवस घ्या आणि दाखवायला या, असं त्यांनी बजावलं होतं.

दाखवायला कोण जातं? आराम पडला होता आणि मेडिकलवाला ओळखीचा होता. ॲसिडिटीची गोळी सोबत असली की दुखण्याची कितीही दिवस चालते, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलेलं लगेच दुसऱ्याला शिकवायची मला खोडच आहे.

आईला दोन्ही पाकिटं सारखीच चकाकताना दिसत. एकदा तिनं दुखण्याच्याच दोन घेतल्या. मला गोंधळ खपत नाही. मी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांचे चौकोन कापले, एकेका चौकोनात दोन्ही गोळ्या बांधल्या आणि दोन महिने पुरतील इतक्या पुड्यांनी डबा भरला. झाकणावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘सकाळी उपाशीपोटी’. दुसरी गोळी जेवल्यावर, हे फक्त तोंडी सांगितलं.

“घे तुझी जोडगोळी,” मी म्हणाले. आई खूप हसली. मलाही माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं.

पुढच्या खेपेला ती खुशीत होती. “छाती जळे ना माही, थे बी बंद झालं बाप्पा,” ती म्हणाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पोटात काय चाललंय ते सांगणारी ती जळजळच आता गप्प झाली होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या खेपेला सोमवार होता, शाळेला सुट्टी. आईचा उपास. तिनं पुडी सोडली, दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि वर घोटभर चहा घेतला.

“अगं, दुसरी खाल्ल्यावर घ्यायची ना!”

“एकाच पुडीत तं बांधून देल्ल्या तूनं. जोडी काऊन मोडू मी?”

यावरही मी हसले. मला त्या हसण्याची आजही चीड येते. तेव्हाच तिच्या हातातून डबा हिसकावून घ्यायला हवा होता.

तेवढ्यात शेजारच्या खाला आल्या. दिवसभर शिलाई मशीनवर बसून त्यांची कंबर गेलेली, त्या दाराची चौकट धरूनच आत येतात. आईकडे बघून म्हणाल्या, “तुही माय पांढरी पडून राह्यली बेटा.” मी आईची नखं पाहिली. पांढरीच होती. उपासामुळं असेल, असं म्हणून मी दुपारची बस पकडली. बसमध्ये मात्र ती नखं डोळ्यांसमोरून हलेनात.

गुरुवारी मधल्या सुट्टीत खालांचा फोन आला. “तुही आई मोरीत पडली. रिक्षा करून अकोल्याले आणली मी. तू ये.”

दवाखान्यात आईच्या ओठांचा रंग उडाला होता. मी पोचल्यावर खाला घरी परतल्या. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, “संडासला काळी होत होती का?” आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“आठ रोज झाले.”

“डांबरासारखी?”

तिनं मान हलवली. “मले काऊन नाई सांगतलं?” मी ओरडलेच.

“असं काई सांगतेत का पोरीले?”

ते रक्त होतं. दुखण्याच्या गोळीनं पोटात जखम केली होती आणि ती आतल्या आत वाहत होती. डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या नाहीत, फक्त नीट समजावून सांगितलं. ॲसिडिटीच्या गोळीनं धोका कमी होतो, जात नाही. रिकाम्या पोटी, इतके दिवस, न विचारता ही गोळी घ्यायचीच नाही. काळी संडास झाली, चक्कर आली, की त्याच दिवशी दवाखाना. मी वर्गातल्या पोरीसारखी मान खाली घालून ऐकत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच डोक्यात घुमत होतं. रात्रभर आईला रक्त चढत होतं. ती जाईल असं मला दोनदा वाटलं.

सकाळी तिनं डोळे उघडले. मला रडूच फुटलं. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “खालाले फोन लाव.”

“लावते. तू बरी हाय म्हणून सांगते.”

“थे नाई. पुड्या घेऊ नोको म्हणा तिले.”

“कोणत्या पुड्या?”

“तिची कंबर लय दुखे ना. अर्ध्या पुड्या काढून डबाच देल्ला मी तिले. तुह्या हातचं औषध हाय, म्हटलं.”

नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा खालांनी उचलला. त्यांचा आवाज अगदी ठणठणीत होता.

“आई कशी हाय बेटा?”

“बरी हाय. खाला, पुडी घेऊ नका! आज घेतली का?”

“हाव, आत्ताच घेतली,” खाला म्हणाल्या. “उपाशीपोटी. तूनं झाकणावर लिवलं होतं तशीच.”