ट्यूबलाइटखालचा धागा
कपाटातला कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, शेला उलगडला की त्याच्या कोरड्या, मातकट वासाबरोबर मला भंडाऱ्यातलं चष्म्याचं ते दुकान आठवतं. आई मोहाडीजवळच्या आमच्या घरी मागावर कोशाचं कापड विणायची. मागावर ट्यूबलाइट लावली तेव्हापासून तिच्या चष्म्यात उजेड चमकायचा आणि विरलेला धागा दिसायचा नाही. ती माग सोडायची भाषा करू लागली होती, म्हणून मी तिला त्या दुकानात नेलं. दुकानदारानं अँटीग्लेअर काच लावून तिला दारातल्या उजेडात पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. "अक्षरं कायले वाचू, भाऊ? मले धागा पाहाचा हाये," असं म्हणून ती आत ट्यूबलाइटखाली जाऊन उभी राहिली. बटव्यातून तिनं कोशाचा एक धागा काढून दोन्ही हातांत धरला. मला तर तिच्या बोटांमध्ये नुसती हवा दिसत होती. जुन्या चष्म्यातून तिला काही सापडलं नाही. मग तिनं नवी काच डोळ्यांवर चढवली. "इथं तुटाले आला हाये," ती म्हणाली आणि एका जागेवर नजर ठेवून तिनं हलकाच ताण दिला. धागा तिथंच तुटला. आता तशीच काच माझ्याही चष्म्याला आहे. ती नवी काच लावून तिनं विणलेला हा शेला मी ट्यूबलाइटखाली धरून बघतो. विरलेला धागा अजून एकही सापडलेला नाही.